भावाची पाठचिकित्सा : ऐतिहासिक शेअरभाव पुरविणाऱ्या साधनांविषयी काही विचार

१

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने शेअरबाजाराच्या भावांविषयी लिहावे, हे कित्येकांना अधिकाराचे उल्लंघन वाटण्याचा संभव आहे. म्हणून या लेखाचे निमित्त प्रथम सांगणे इष्ट होय. मराठी वृत्तपत्रांतील बाजारवार्तेच्या भाषेवर एक पदव्युत्तर प्रबंधिका प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली तयार होत होती. भाव 'उतरला', 'घसरला', 'गडगडला' आणि 'कोसळला' या क्रियापदांच्या अर्थच्छटा प्रत्यक्ष चढउताराशी ताडून पाहाव्यात, किती टक्क्यांच्या घटीला मराठी वार्ताहर 'घसरण' म्हणतो आणि किती टक्क्यांनंतर त्याला 'कोसळणे' सुचते ते ठरवावे, असा विषय होता. विद्यार्थी खंडाळ्याचा. खंडाळा म्हणजे घाटमाथ्यावरील लोणावळ्याचा शेजारी नव्हे, तर सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्याच्या तालुक्यात एशियन पेंट्सचा मोठा कारखाना २०१३ साली सुरू झाला असल्याने त्याने नमुन्यादाखल त्याच कंपनीचा भाव निवडला. ही निवड स्वाभाविक होती.

वृत्तपत्रांतील शब्द त्याने ग्रंथालयात बसून टिपले आणि भाव मात्र महाजालावरील एका साधनातून काही क्षणांत उतरवून घेतले. पहिल्या मसुद्यात एक विधान होते : २०१३ च्या पूर्वार्धातील बातम्यांत या शेअरचा भाव चार हजारांहून अधिक छापला आहे, वस्तुतः तो चारशेंच्या घरात होता, यावरून मराठी बाजारवार्तेतील आकड्यांच्या विश्वसनीयतेविषयी शंका उत्पन्न होते. हे विधान प्रस्तुत लेखकाने वाचले, त्याखाली खूण केली आणि ते तसेच पुढे जाऊ दिले. दोन आठवड्यांनी चूक ध्यानात आली. वार्ताहराने छापलेला आकडा बरोबर होता. त्या दिवशी त्या शेअरला खरोखरच चार हजारांवर रुपये पडत होते. जुलै २०१३ च्या अखेरीस कंपनीने दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर केले, आणि साधनाने मागील सर्व भावांना मुकाट्याने दहाने भागून टाकले होते.

एका निनावी वार्ताहरावर त्याने न केलेल्या चुकीचा आरोप आम्ही दोघांनी ठेवला, आणि तोही संशोधनाच्या नावाने. मसुदा दुरुस्त झाला, परंतु ती चूक कोणत्या प्रकारची होती हा प्रश्न उरला. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

ज्या साधनांविषयी आपण बोलत आहोत त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग मूळ प्रतींचा. मुंबईचा शेअरबाजार (स्थापना १८७५) आणि राष्ट्रीय शेअरबाजार (शेअरव्यवहारास आरंभ नोव्हेंबर १९९४) हे दोन्ही दररोज बाजार मिटल्यावर त्या दिवसाच्या सर्व भावांचे एक पत्रक प्रसिद्ध करतात. त्याला 'भावकॉपी' म्हणतात. हा शब्द आपल्या अभ्यासकांनी आवर्जून टिपून ठेवावा असा आहे. 'भाव' हे देशी बाजारपेठेतील पूर्वपद आणि 'कॉपी' हे इंग्रजी उत्तरपद यांचा हा समास इंग्रजी पत्रव्यवहारातही जसाच्या तसा वापरला जातो. दलालांच्या तोंडचा शब्द संगणकाच्या युगात टिकला, एवढेच नव्हे तर संचिकांच्या नावांत जाऊन बसला.

दुसरा वर्ग संकलकांचा. याहू फायनान्ससारखी संकेतस्थळे, गूगलच्या कोष्टकपत्रातील भाव मागविण्याचे सूत्र, किंवा पायथन या संगणकभाषेतील वायफायनान्स हा ग्रंथसंग्रह, ही या वर्गातील ठळक उदाहरणे. कंपनीची खूण व दोन तारखा दिल्या की ही साधने त्या कालावधीतील आरंभीचा, उच्चतम, नीचतम व अखेरचा भाव ओळीने मांडून देतात. याहूने आपली जुनी संगणकीय देवघेव २०१७ साली बंद केली. वायफायनान्स हे साधन त्यानंतरच्या गरजेतून वाढले. आपला याहूशी संबंध नाही आणि आपला उपयोग अभ्यास व संशोधन यांपुरता आहे, हे त्याचे कर्ते आरंभीच सांगतात. हा प्रामाणिकपणा नोंदला पाहिजे.

या साधनांचे उपकार मोठे आहेत यात संशय नाही. पूर्वी एका शेअरचे दहा वर्षांचे भाव मिळवावयाचे तर वृत्तपत्रांचे गठ्ठे सोडून महिनेच्या महिने नकलून काढावे लागत. आज खंडाळ्याचा विद्यार्थी एस. टी. च्या थांब्यावर उभा राहून ते काम करू शकतो. ज्यांना मोठ्या शहराच्या ग्रंथालयापर्यंत जाणे परवडत नाही त्यांच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे. पुढील टीका ही साधने टाकून द्यावीत म्हणून केलेली नाही. ती कोणत्या प्रकारची वस्तू आपल्या हाती ठेवतात हे ओळखावे, एवढाच तिचा हेतू आहे.

३

ही वस्तू म्हणजे नक्कल नव्हे, ती संपादित संहिता आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. पाठचिकित्सेची परिभाषा वापरावयाची तर भावकॉपी ही हस्तलिखित प्रत आहे आणि संकलकाचे कोष्टक ही आवृत्ती आहे. संपादकाने मुळात हस्तक्षेप करू नये असे कोणी म्हणणार नाही. शेअरचे विभाजन झाले त्या दिवशी मूळ प्रतींत पाच हजारांच्या आसपासचा भाव एकाएकी पाचशेंच्या आसपास आलेला दिसतो. तो तसाच ठेवला तर आलेखात नव्वद टक्क्यांचा कडा दिसेल आणि आमच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडेल की एवढी घट होऊनही एकाही वार्ताहराने 'कोसळला' का लिहिले नाही. भागधारकाचे त्या दिवशी काहीच गेले नव्हते, एकाच्या जागी दहा शेअर त्याच्याकडे आले होते. तेव्हा मागील भावांना दहाने भागणे हा तर्कशुद्ध संस्कार आहे.

आक्षेप आहे तो संस्कार सांगितला जात नाही यावर. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. डॉ. वि. सी. सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत संपादकाने स्वीकारलेला पाठ वर असतो आणि नाकारलेले पाठ प्रतींच्या खुणांसह खाली असतात. संपादकाशी वाचकाला वाद घालता यावा, अशी ती व्यवस्था आहे. भावसंग्रहाच्या कोष्टकात वरचा पाठ तेवढा आहे आणि खालचा भाग कोरा आहे. याहूच्या पानावर 'अखेरचा भाव' या शीर्षकाखाली जो आकडा असतो तो विभाजनाचा संस्कार झालेला असतो. शेजारी 'समायोजित अखेरचा भाव' असा दुसरा रकाना असतो, त्यामुळे पहिला रकाना असमायोजित असावा असा वाचकाचा स्वाभाविक समज होतो. आमची फसगत येथेच झाली. वायफायनान्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तर, वेगळे सांगितले नाही तर, लाभांशाचा संस्कार झालेलाच भाव 'अखेरचा' या नावाने हाती येतो आणि दुसरा रकाना दिसतही नाही. शब्द तोच राहिला, वाच्य बदलले.

४

लाभांशाच्या संस्काराचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण त्याचा परिणाम विभाजनापेक्षा सूक्ष्म आणि भाषेच्या अभ्यासकाला अधिक बाधक आहे.

कल्पना करा की एका शेअरचा अखेरचा भाव १,००० रुपये आहे आणि दुसऱ्या दिवसापासून तो २० रुपयांच्या लाभांशाविना विकला जावयाचा आहे. दुसऱ्या दिवशी तो ९८५ रुपयांवर मिटला. वार्ताहर लिहितो, भाव पंधरा रुपयांनी उतरला. आता संकलकाची रीत अशी की, वीस भागिले एक हजार म्हणजे दोन टक्के. म्हणून मागील सर्व भावांना ०.९८ ने गुणावे. आदल्या दिवशीचा भाव झाला ९८०. कोष्टक सांगते की शेअर ९८० वरून ९८५ वर गेला, म्हणजे पाच रुपयांनी चढला. वार्ताहर म्हणतो उतरला, साधन म्हणते चढला. आणि दोघेही खरे आहेत. वार्ताहर भावाविषयी बोलतो, साधन भागधारकाच्या एकूण प्राप्तीविषयी बोलते. क्रियापदाच्या अर्थाचा अभ्यास करणाऱ्याने दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या क्रियापदापुढे ठेवला, तर 'उतरला' या शब्दाचा अर्थ मराठीत 'चढला' असा होतो असे सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर येईल.

यातून आणखी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, हा संस्कार प्रत्येक नव्या लाभांशाबरोबर पुन्हा होतो. २०१३ मधील एकाच दिवसाचा समायोजित भाव २०१८ मध्ये उतरवून घेतला तर एक येईल आणि २०२४ मध्ये घेतला तर त्याहून कमी येईल. भूतकाळातील आकडा वर्तमानकाळातील घटनेने बदलतो. ज्या प्रबंधात उतरवून घेतल्याची तारीख नाही, त्या प्रबंधातील कोष्टक दुसऱ्या अभ्यासकाला पडताळून पाहता येत नाही.

दुसरी गोष्ट मानसशास्त्राची आहे. विभाजनासाठी सर्व भावांना एकाच संख्येने भागले तर टक्केवारी बदलत नाही, तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचे टक्क्यांवर आधारलेले निष्कर्ष बहुतांशी तगून राहिले. परंतु बाजारवार्तेतील भाषा नेहमी टक्क्यांत विचार करत नाही. 'टप्पा ओलांडला', 'वेशीवर येऊन थबकला', 'हजारी गाठली' या प्रयोगांचा आधार पूर्ण संख्येत असतो, आणि ती पूर्ण संख्या त्या दिवशी फलकावर दिसणारी असते. चार हजारांच्या टप्प्याविषयी लिहिलेले वाक्य चारशेंच्या कोष्टकासमोर निरर्थक ठरते; लाभांशाचा संस्कार होऊन तोच आकडा तीनशे व काही असा झाला म्हणजे वाक्यातील 'टप्पा' समूळ नाहीसा होतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने समायोजित भाव हा अधिक शुद्ध पाठ असेलही. परंतु त्या दिवशी लोकांनी पाहिलेला, बोललेला आणि ज्यावर निर्णय घेतला तो भाव दुसरा होता. शुद्ध पाठ आणि प्रचलित पाठ यांतला हा जुना भेद येथे नव्याने भेटतो.

'अखेरचा भाव' या पदाची संदिग्धता एवढ्यावर संपत नाही. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या २०१३ च्या काळातील भावकॉपीत 'अखेरचा भाव' आणि 'शेवटच्या व्यवहाराचा भाव' असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. पहिला हा शेवटच्या अर्ध्या तासातील व्यवहारांची भारित सरासरी असतो. दुसरा खरोखर शेवटी झालेल्या व्यवहाराचा भाव. म्हणजे ज्याला 'अखेरचा भाव' म्हणतात त्या भावाने अखेरचा व्यवहार झालेला असेलच असे नाही. वार्ताहराने मुंबई शेअरबाजाराचा आकडा घेतला असेल तर आणखी एक पाठभेद संभवतो. दहा-पंधरा पैशांचे असे फरक पाहून 'छपाईची चूक' असा शेरा मारण्यापूर्वी थांबले पाहिजे.

५

आता नावांचा विचार करू. साधनाला प्रश्न विचारावयाचा तो कंपनीच्या खुणेने. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या खुणा बहुधा दहा अक्षरांत बसविलेल्या असतात. त्यामुळे एशियन पेंट्सचा शेवटचा 'स्' गळतो. इन्फोसिस टेक्नॉलॉजीजच्या जुन्या खुणेत उत्तरपदातील स्वर गळून व्यंजनांचा सांगाडा उरला होता आणि २०११ मध्ये तीही खूण बदलून चार अक्षरांची झाली. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीशी ज्या उद्योगसमूहाचे नाव १९१० पासून निगडित आहे, त्याच्या खुणा तर मौजेच्या आहेत. 'किर्लोस' एवढाच अंश ठेवून पुढे बंधू, इंजिन किंवा उद्योग यांचे इंग्रजी संक्षेप जोडले आहेत. आडनावातील 'कर' हा ग्रामवाचक प्रत्यय अक्षरमर्यादेने छाटला आणि अजाणता मूळ गावाच्या नावाचा अंश शिल्लक ठेवला. व्युत्पत्तिकोशकाराने जे पृथक्करण केले असते ते येथे कारकुनाच्या कात्रीने केले.

परंतु मौजेपलीकडे यात धोका आहे. २०१० मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीचा इंजिनांचा व्यवसाय किर्लोस्कर एंजिन्स इंडिया या दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्यानंतर जुन्या कंपनीने किर्लोस्कर इंडस्ट्रीज हे नाव धारण केले आणि नव्या कंपनीने किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हे जुन्या कंपनीचे नाव घेतले. म्हणजे २००५ सालच्या बातमीतील 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' आणि आजची त्याच नावाची कंपनी या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या व्यक्ती होत. आजच्या खुणेने मागील भाव मागणाऱ्याच्या हाती काय पडेल? नाव जुळेल तेथे देह निराळा, आणि देह जुळेल तेथे नाव निराळे. पुण्याच्या बजाज ऑटोच्या बाबतीत २००८ च्या सुमारास याच प्रकारची अदलाबदल झाली : जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली आणि वाहनांचा व्यवसाय घेऊन निघालेली नवी कंपनी बजाज ऑटो या नावाने बाजारात आली. २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या विभाजनात पुन्हा तेच घडले. जुनी कंपनी प्रवासी वाहनांची झाली आणि 'टाटा मोटर्स' हे नाव व्यापारी वाहनांच्या नव्या कंपनीकडे गेले. आमच्या विद्यार्थ्याच्या गावाचे नाव सांगताना 'लोणावळ्याजवळचे नव्हे' असे म्हणावे लागते, तसा खुलासा ही साधने करीत नाहीत.

प्रत्येक रोख्याला बारा चिन्हांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, तो वापरावा म्हणजे हा घोटाळा टळेल, असे सुचविले जाते. बऱ्याच अंशी ते खरे आहे. तथापि दर्शनी मूल्य बदलले की हा क्रमांकही बदलतो. २०१३ च्या विभाजनानंतर एशियन पेंट्सचा क्रमांक बदलला, खूण मात्र तीच राहिली. एका बाबतीत नाव टिकून वस्तू बदलते, दुसरीत वस्तू टिकून नाव बदलते, आणि तिसरीत वस्तू व नाव दोन्ही टिकून क्रमांक तेवढा बदलतो. संज्ञा आणि संज्ञी यांचा संबंध नित्य मानणाऱ्यास हे उदाहरण विचारात पाडील.

स्थलनामांतही इतिहासाचे थर साचलेले आहेत. याहूच्या संग्रहात मुंबई शेअरबाजारातील भाव हवा असेल तर खुणेपुढे 'बी' आणि 'ओ' ही दोन अक्षरे जोडावी लागतात. ती 'बॉम्बे' या नावाचा अवशेष होत. शहराचे नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झाले, परंतु यंत्राच्या स्मृतीत जुने नाव प्रत्यय होऊन राहिले आहे.

६

संग्रहात जे आहे त्याची चिकित्सा झाली. जे नाही त्याचाही उल्लेख केला पाहिजे. सेन्सेक्स हा निर्देशांक १९८६ पासून प्रसिद्ध होतो आणि त्याचे आधारवर्ष १९७८-७९ आहे; याहूच्या संग्रहात तो सुमारे १९९७ पासून मिळतो. निफ्टी १९९६ मध्ये सुरू झाला. तेथे तो सुमारे २००७ पासून आढळतो. विद्यार्थी सहज लिहून जातो की 'निफ्टीच्या आरंभापासूनचा अभ्यास केला'. तो आरंभ निफ्टीचा नसून संग्रहाचा असतो. त्याहून मोठी उणीव बंद पडलेल्या कंपन्यांची. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या ज्या कापडगिरण्या क्रमाने मिटल्या, त्यांच्या शेअरचे भाव कोणे एके काळी रोज छापून येत. आजच्या साधनाला त्यांची खूणच ठाऊक नाही. जे जगले त्यांचाच इतिहास उपलब्ध असल्याने बाजार नेहमी चढतच आला असा भास होतो. आणि १ एप्रिल १९५७ पूर्वीचे रुपये-आणे-पै यांतील भाव तर या साधनांच्या कक्षेतच नाहीत. त्यांसाठी पुन्हा वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यांकडेच वळावे लागते.

मूळ प्रतीही सर्वस्वी स्थिर नाहीत. जुलै २०२४ पासून भावकॉपीची मांडणी बदलली. रकान्यांची पूर्वीची सुबोध इंग्रजी शीर्षके जाऊन त्यांच्या जागी स्वर गाळलेले संक्षेप आले आणि जुन्या मांडणीवर लिहिलेल्या आज्ञावली एका दिवसात मुक्या झाल्या. लिपी बदलली म्हणजे जुन्या दफ्तराला वाचक दुर्मीळ होतो, हे मोडीच्या बाबतीत आपण पाहिले आहे; येथे तीच गोष्ट रातोरात घडली.

या विवेचनावरून आपल्या विभागापुरत्या काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ऐतिहासिक भाव वापरणाऱ्या प्रत्येक प्रबंधिकेत साधनाचे नाव व आवृत्ती, उतरवून घेतल्याची तारीख, भाव मूळ की समायोजित, आणि समायोजित असल्यास विभाजनापुरता की लाभांशासह, ही चार विधाने असावीत. भाषेच्या अभ्यासासाठी, म्हणजे समकालीन लेखनाशी ताडून पाहण्यासाठी, भावकॉपीतील मूळ भावच घ्यावा. दीर्घकालीन प्राप्तीचा विचार असेल तेथे समायोजित भाव योग्य. कंपनीचे नाव आले की त्या तारखेस ते नाव कोणाचे होते याची खातरजमा करावी. आणि वृत्तपत्रातील आकडा व साधनातील आकडा जुळत नसेल, तर आधी साधनावर संशय घ्यावा. कारण वार्ताहराने त्या दिवशीचा आकडा त्या दिवशीच लिहिला होता आणि नंतर तो बदलण्याची सोय त्याला नव्हती.

प्रबंधिका पुढे पूर्ण झाली. तिच्या अंतिम स्वरूपात वार्ताहरावरील तो शेरा नाही. त्या जागी, एकाच दिवसाचे तीन भाव शेजारी शेजारी मांडलेले एक कोष्टक आहे आणि त्याखाली प्रत्येकाची उत्पत्ती दिली आहे. प्रबंधिकेतील सर्वांत उपयुक्त पान तेच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.